पेढीचा शब्द

पेढीचें बळ म्हणजे तिच्या तिजोरींतील रोकड, अशी सर्वसामान्य समजूत आहे. वस्तुतः कोणत्याही पेढीच्या तिजोरींत तिच्या सर्व ठेवीदारांचा सर्व पैसा एके वेळीं कधींच नसतो. ठेवींचा बराच मोठा भाग कर्जाच्या रूपानें बाहेर फिरत असतो. आणि तरीही ठेवीदार रात्रीं स्वस्थ झोंपतो, तो पेढीनें दिलेल्या शब्दाच्या भरंवशावर. मागाल तेव्हां पैसे परत मिळतील, हा तो शब्द. या भरंवशालाच मराठींत पत असें सुटसुटीत नांव आहे. पत ही शब्दावर उभी असल्यामुळें, पेढी आपल्या गिऱ्हाइकाशीं काय बोलते, कोणत्या वाटेनें बोलते आणि केव्हां बोलते, हे प्रश्न तिच्या व्यवहारांत कधींच गौण नव्हते.

अलीकडे हा शब्द ठेवीदाराच्या तळहातावर येऊन पडूं लागला आहे. फेसबुक, पूर्वीचें ट्विटर व आतांचें एक्स, व्हॉट्सॲप इत्यादि समाजमाध्यमांवरून बँका सणावारीं शुभेच्छा देतात, व्याजाचे नवे दर कळवितात, भामट्यांपासून सावध राहण्याचा उपदेश करितात आणि चिडलेल्या ग्राहकाची चारचौघांत क्षमाही मागतात. हा सारा प्रकार अपूर्व आहे असें समजून कोणी त्याचें कौतुक करितो, तर कोणी त्याला नांवें ठेवितो. आमच्या मतें उभय पक्षांनीं थोडें मागें वळून पाहणें इष्ट आहे. पेढीनें गिऱ्हाइकाशीं कसें बोलावें हा प्रश्न पुणें शहराला निदान अडीचशें वर्षांचा जुना आहे. आणि प्रत्येक काळीं त्या बोलण्याची परीक्षा तीन कसोट्यांवर झालेली आहे. हा शब्द खरोखर पेढीचाच कशावरून? तो वेळेवर पोंचला काय? आणि त्याबद्दल जाब देणारा कोणी आहे काय?

पेशवाईंतील पुणें हें जसें राजकारणाचें तसेंच सावकारीचेंही केंद्र होतें. फौजा उत्तरेंत, वसूल माळव्या-गुजराथेंत आणि खर्च पुण्यांत, अशा स्थितींत रोकड लादून नेणें जोखमीचें. म्हणून मोठाल्या रकमा हुंडीनें फिरत. हुंडी म्हणजे मुळांत एक चिठ्ठीच. एका गांवच्या सराफानें दुसऱ्या गांवच्या आडत्यास लिहावयाचें कीं, अमुक रक्कम अमक्यास द्यावी. दर्शनी हुंडी दाखवितांच पटवावयाची, मुदती हुंडी ठरलेले दिवस भरल्यावर. शहाजोग हुंडी कोणाही वाटसरूच्या हातीं पडून वटत नसे. बाजारांत पत असलेल्या शहामार्फतच ती पटे, आणि पुढें ती बनावट निघाल्यास पैसे परत करण्याची जोखीम त्या शहाच्या माथीं असे. आंकड्यांत कोणी फेरफार करूं नये म्हणून रक्कम लिहून झाल्यावर तिची निमपट सांगून त्याची दुप्पट असा पुन्हा उल्लेख करण्याची चाल होती. हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ, अशी उत्तरोत्तर नकलांची सोय होती. शिवाय हुंडी लिहिणारा सावकार आपल्या आडत्यास निराळें सूचनापत्रही धाडीत असे. हातांतील कागद आणि स्वतंत्र वाटेनें आलेलें पत्र यांचा मेळ बसला म्हणजे आडत्या निःशंक होई. एकाच वाटेनें आलेल्या शब्दावर थैली सोडावयाची नाहीं, ही त्या धंद्याची शिस्त होती.

या सावकारी पत्रांची मातबरी किती होती, याचें एक करुण उदाहरण मराठ्यांच्या इतिहासांत नमूद आहे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळीं मदतीसाठीं उत्तरेकडे निघालेले होते. त्यांना त्या संहाराची बातमी प्रथम पोंचली ती सावकारी पत्रावरून, असें इतिहासकार सांगतात. मोतीं, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशोब द्यावा अशा सांकेतिक भाषेंत भाऊसाहेब व विश्वासराव यांचा अंत, नामांकित सरदारांचा नाश आणि अगणित सैनिकांची हानि त्यांत कळविली होती. या पत्रावर विश्वास कां बसला? व्यापारी आपल्याच भागीदारास खोटें लिहीत नाहीं, कारण त्या खोट्याचा पहिला फटका त्याच्याच पेढीस बसतो. नानासाहेब त्या धक्क्यांतून सावरले नाहींत. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत पर्वतीवर त्यांचा अंत झाला. आणि याच दुर्घटनेच्या पोटीं पुढें तोतयाचें प्रकरण उद्भवलें. भाऊसाहेबांचें नांव घेऊन वावरणाऱ्या इसमास १७७६ सालीं देहान्त शासन झालें, तोंपर्यंत कित्येक शहाणीं माणसें त्याच्या नादीं लागलीं होतीं. ओळख पटविण्याचें साधन ढिलें पडलें म्हणजे काय होतें, हें त्या काळच्या पुण्यानें डोळ्यांनीं पाहिलें.

इंग्रजी अमदानींत पेढीची भाषा बदलली. १८४० सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेचा व्यवहार इंग्रजींत, छापील कागदांवर आणि कचेरीच्या वेळेंत चाले. १८५४ पासून अर्ध्या आण्यांत पत्र देशभर जाऊं लागलें, त्यामुळें पेढीचा शब्द स्वस्त झाला, त्याचा पल्ला वाढला. परंतु लिहिणाराचा चेहरा दिसेनासा झाला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईंत कापसाच्या पैशाचा पूर आला, तो १८६५ सालीं ओसरतांच सट्टेबाजांबरोबर ही बँकही खचली आणि १८६८ मध्यें ती गुंडाळावी लागली. तिच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली ती त्यानंतर. आधीं बोलावयाचें तें मागाहून उघड होतें, ही बँकांची खोड तेव्हांपासूनची म्हणावयास हरकत नाहीं.

या दूरस्थपणावर उतारा सांपडला तो सहकाराचा. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि दोनच वर्षांनीं, १९०६ मध्यें, पुण्यांत कॉसमॉस बँकेचा आणि मुंबईंत शामराव विठ्ठल बँकेचा पाया घातला गेला. १९१२ सालीं पुण्यांत रुपी बँक निघाली. या संस्थांचें वैशिष्ट्य असें कीं, संचालक पलीकडच्याच पेठेंत राहणारा, सभासद त्याच्या ओळखीचा, आणि वर्षांतून एकदां भरणाऱ्या सभेंत कोणाही सभासदानें उभें राहून ताळेबंदावर प्रश्न विचारावा अशी सोय. पहिल्या व तिसऱ्या कसोटीस हें बोलणें सहज उतरे. मात्र ओळखीच्या गांवांत कुजबूजही लवकर पसरते. १९१३ च्या सप्टेंबरांत लाहोरची पीपल्स बँक बुडाली आणि नोव्हेंबरांत मुंबईच्या इंडियन स्पीशी बँकेनें दारें लावलीं. त्या लाटेंत देशांतील अनेक स्वदेशी पेढ्या बुडाल्या. कांहींचा कारभार खरोखर वाईट होता, हें खरें. परंतु वाईट कोण आणि चांगली कोण हें ठेवीदारास सांगेल असा विश्वासार्ह आवाज त्या काळीं नव्हता. मध्यवर्ती बँक देशांत स्थापन व्हावयास १९३५ साल उजाडावें लागलें.

त्याच वर्षीं १६ सप्टेंबर रोजीं पुण्यांत बँक ऑफ महाराष्ट्र नोंदली गेली आणि ८ फेब्रुवारी १९३६ पासून तिचा व्यवहार सुरू झाला. फर्ग्युसन कॉलेजांत अर्थशास्त्राचे अध्यापक असलेले प्रा. वामन गोविंद काळे आणि उद्योजक डी. के. साठे हे तिच्या संस्थापकांपैकीं होत. एका प्राध्यापकानें बँक काढावी याचें आम्हांस अगत्य वाटतें तें केवळ व्यवसायबंधु म्हणून नव्हे. मराठी मध्यमवर्गाला उद्योगासाठीं पैसा एकत्र करण्याची संवय लावणें, म्हणजेच पेढीचा शब्द त्याला समजेल असा करणें, हें एक प्रकारें शिक्षणाचेंच कार्य होतें.

तथापि शिक्षणानें सर्व भागत नाहीं. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन्ही बुडाल्या, तेव्हां शब्दाच्या पाठीशीं कायद्याचें बळ हवें हें सरकारला पटलें. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा अमलांत आला. प्रारंभीं त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागें १,५०० रुपये होती. १९९३ सालीं ती एक लाख व फेब्रुवारी २०२० मध्यें पांच लाख झाली. १९६९ मध्यें बँक ऑफ महाराष्ट्रसह चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. १९९५ सालीं ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्यासाठीं बँकिंग लोकपालाची योजना आली. जाब विचारण्याची जागा वार्षिक सभेंतून कचेरींत गेली, एवढाच याचा अर्थ.

असो. मोबाईल आला आणि पेढीच्या बोलण्याची गति एकदम पालटली. २०११ च्या सुमारास कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराची सूचना ग्राहकास तत्काळ धाडणें बँकांना बंधनकारक झालें. खात्यांतून पैसे गेल्याचें महिनाअखेर पासबुक भरल्यावर कळावयाचें, तें क्षणार्धांत कळूं लागलें. रिझर्व्ह बँक स्वतः २०१२ च्या आरंभीं ट्विटरवर अवतरली. कोटक महिंद्र बँकेनें २०१४ सालीं समाजमाध्यमांशीं जोडलेलें एक खातेंच काढलें आणि आयसीआयसीआय बँकेनें २०१५ मध्यें ट्विटरवरून पैसे पाठविण्याची सोय केली. दुसरी कसोटी, वेळेवर पोंचण्याची, ती अशी मानवी इतिहासांत प्रथमच पूर्णपणें सुटली.

ग्राहकाच्या हातींही एक नवें शस्त्र आलें. पूर्वीं तक्रारीचा कागद शाखेच्या फडताळांत निवांत पडून राही. आतां तीच तक्रार चव्हाट्यावर मांडतां येते, हजारों लोक ती वाचतात, आणि मोठ्या बँकेसही कांहीं तासांत उत्तर देणें भाग पडतें. वार्षिक सभेंत उभें राहण्याचें धाडस ज्यांना कधीं झालें नसतें, अशा कित्येकांना यामुळें वाचा फुटली. हा लाभ लहान नाहीं, आणि तो नाकारणें हें केवळ जुन्याचा अभिमान मिरविण्यासारखें होईल.

परंतु वेग साधतांना पहिली कसोटी मात्र ढासळली. ग्राहक बँकेचें नांव घेऊन समाजमाध्यमावर तक्रार लिहितो. ती जगाला दिसते तशीच भामट्यालाही दिसते. थोड्याच वेळांत बँकेचेंच चिन्ह व बँकेसारखेंच नांव धारण केलेल्या खात्यावरून अदबीचें उत्तर येतें, दिलगिरी व्यक्त होते, एक क्रमांक वा दुवा दिला जातो; आणि गांजलेला माणूस आपल्या हातानें गुप्त आंकडे त्याच्या स्वाधीन करितो. भाऊसाहेबांच्या तोतयास निदान चेहरेपट्टीचें साम्य लागलें होतें. आजच्या तोतयास एक चित्र उतरवून घेतलें कीं पुरतें. येथें नियमाची धारही लक्षांत घेण्याजोगी आहे. रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं असें ठरवून दिलें कीं, ग्राहकाची वा बँकेची चूक नसतां परस्थानें लबाडीनें पैसे नेले आणि ग्राहकानें तीन कामकाजाच्या दिवसांत कळविलें, तर त्याला तोशीस लागूं नये. पण ग्राहकानेंच गुप्त आंकडा उघड केला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें त्यानेंच सोसावें. म्हणजे तोतयास ओळखण्याची जबाबदारी शेवटीं येऊन पडली ती, ओळखण्याचीं साधनें ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहेत, त्याच्यावर. साठी उलटलेला पेन्शनर आणि घरखर्चांतून शिल्लक टाकणारी गृहिणी हेच या डावांत बहुधा सांपडतात.

हें तोतयांचें संकट केवळ भोळ्या ग्राहकापुरतें आहे असेंही नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो हल्ला झाला त्याचें स्वरूप पाहावें. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वीं बँकेच्या मुख्य यंत्रणेस विचारतें, आणि तिचा होकार आल्यावरच नोटा बाहेर टाकतें. चोरट्यांनीं या दोहोंच्या मध्यें आपलीच एक बनावट यंत्रणा घुसविली. तीच प्रत्येक विचारणेस होकार देत राहिली. ११ ऑगस्ट रोजीं कांहीं तासांत २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले, आणि १३ तारखेस स्विफ्टच्या मार्गानें आणखी रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यांत गेली. एकूण हानि सुमारें ९४ कोटी रुपयांची. ग्राहकांच्या खात्यांतील पैसा सुरक्षित असल्याचें बँकेनें लागलीच जाहीर केलें, हें योग्यच झालें. पण बँकेचा होकार बँकेच्याच यंत्रांनीं खोट्या तोंडून ऐकला आणि खरा मानला, हें विसरतां येत नाहीं. हुंडीबरोबर निराळें सूचनापत्र मागणाऱ्या आडत्याची सावधगिरी किती दूरदर्शी होती, हें येथें कळतें.

आतां अफवेकडे वळूं. बँक ऑफ महाराष्ट्रवर २०१७ सालीं रिझर्व्ह बँकेनें कांहीं सुधारणात्मक निर्बंध घातले होते, ते जानेवारी २०१९ अखेर उठले. तरीही सप्टेंबर २०१९ मध्यें नऊ बँका बंद होणार अशी एक यादी व्हॉट्सॲपवरून फिरूं लागली, आणि तींत या बँकेचेंही नांव होतें. रिझर्व्ह बँकेनें ट्विटरवरूनच तिचा इन्कार केला. मार्च २०२३ मधील प्रसंग तर विनोदी म्हणावा असा आहे. अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँकेंतून ९ मार्च या एकाच दिवशीं ठेवीदारांनीं सुमारें ४२ अब्ज डॉलर काढून नेले, आणि दुसऱ्या दिवशीं ती बंद पडली. त्या धावपळीला समाजमाध्यमांवरील संदेशांनीं हातभार लावला होता. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांशीं नामसाम्य भासल्यामुळें, एकशें सोळा वर्षांच्या जुन्या शामराव विठ्ठल बँकेला, आमचा त्या अमेरिकन बँकेशीं कांहींएक संबंध नाहीं, असा खुलासा करावा लागला. तो तिनें त्वरित केला आणि वावटळ विरली. १९१३ सालीं असा खुलासा ठेवीदारांपर्यंत पोंचविण्याचें साधन असतें, तर कदाचित् एखादी सुस्थितींतील पेढी वांचलीही असती.

यावरून कोणी म्हणेल कीं, बँकांनीं अधिक बोलावें, अधिक त्वरेनें बोलावें, म्हणजे सर्व ठीक होईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांच्या मोबाईलवर संदेश आले, ते सहा महिन्यांत एक हजार रुपयांहून अधिक काढतां येणार नाहींत असे. संदेश वेगानें आला, तो बँकेचाच होता, आणि तो खराही होता; फक्त तो येण्यापूर्वींचीं अनेक वर्षें एकाच उद्योगसमूहाला दिलेलीं प्रचंड कर्जें हिशोबांत लपविलेलीं होतीं. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्यें निर्बंध आले आणि २०२२ सालीं तिचा परवाना रद्द झाला. या मधल्या नऊ वर्षांत किती म्हाताऱ्या माणसांनीं शाखेच्या दारावरची सूचना पुन्हापुन्हा वाचली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सूचना होती, तींतील तारीख पुढें जात होती, आणि पैसे मात्र कुलुपांत होते. अडलेल्या ठेवीदारास विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळावी अशी तरतूद झाली ती २०२१ सालीं. समाजमाध्यमांवरील गोड शब्द हा खऱ्या ताळेबंदाची जागा घेऊं शकत नाहीं, हा या दोन प्रकरणांचा सरळ अर्थ आहे.

तिसरी कसोटी, जाब देणाराची, तिचाही विचार केला पाहिजे. समाजमाध्यमावर जें नम्र उत्तर येतें तें लिहितो कोण? पुष्कळदां तें ठराविक सांच्यांतलें असतें. ग्राहकानें पुन्हा विचारलें कीं तेंच वाक्य पुन्हा येतें. पेठेंतल्या संचालकाला रस्त्यांत गांठतां येई. या निराकार मुनिमाला गांठावें कोठें? भाषेचा प्रश्नही याच्याशींच निगडित आहे. शाखेंतील छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत असावें, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण मोबाईलवर येणारे संदेश पाहिले तर बहुतेक इंग्रजींतच असतात. ज्या सूचनेवर आयुष्याची पुंजी अवलंबून आहे, ती ठेवीदाराच्या मातृभाषेंत नसेल, तर ती पोंचली असें म्हणावें कसें? सराफाची मोडी चिठ्ठी आडत्यास वाचतां येई, म्हणून तिचा उपयोग होता.

ओळखीची खूण पुन्हा बळकट करण्याचे कांहीं प्रयत्न अलीकडे झाले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. बँकांनीं आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत केवळ बँकांसाठीं राखून ठेवलेल्या 'डॉट बँक डॉट इन' या नांवाखालीं आणावींत, आणि ग्राहकास व्यवहारासंबंधीं दूरध्वनि करावयाचा तो १६०० नें आरंभ होणाऱ्या क्रमांकावरूनच करावा, असे आदेश रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं दिले. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविण्याची सोय आहे. हुंडीवरील खुणांचेच हे नवे अवतार होत.

पण कायद्याच्या या खुणांना बँकेच्या आणि ग्राहकाच्या शिस्तीची जोड पाहिजे. समाजमाध्यमांवर बँकांनीं शुभेच्छा अवश्य द्याव्यात. तथापि उत्तर देणाराचा हुद्दा सांगावा, संकटाची वार्ता अफवेच्या आधीं सांगावी, आणि ती मराठी ठेवीदारास मराठींत सांगावी. ठेवीदारानेंही जुन्या आडत्याचा नियम घरांत पाळावा: पैशाविषयींचा कोणताही शब्द एकाच वाटेनें आला असेल, तर दुसऱ्या वाटेनें त्याची खात्री करून घेतल्यावांचून हात हलवावयाचा नाहीं. संदेश आला तर पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर विचारावें. तेवढ्यानें समाधान न झालें तर शाखेंत जावें. घरांतील तरुणांनीं हा नियम वडील मंडळींना एकदां सांगून थांबूं नये. सूचना आली कीं त्यांच्याबरोबर बसून ती वाचावी.